मुळशीची सफर आणि परक्या छावणीतली रोजी

पुण्याहून कोकणात उतरायच्या वाटा बऱ्याच आहेत. त्यांतली ताम्हिणीची वाट मुळशी तालुक्यातून जाते. चांदणी चौक, भूगाव, भुकुम, पिरंगुट, पौड, माले, मग धरणाच्या पाण्याकडेने ताम्हिणी, आणि घाट उतरला की निजामपूर, माणगाव. पावसाळ्यात या रस्त्यावर दोन तऱ्हेची माणसे दिसतात. एक, धबधबे बघायला निघालेली शहरातली मंडळी. दुसरी, एसटीच्या खिडकीशी पिशव्या सांभाळत बसलेली कोकणातली माणसे. त्यांना धबधब्यांचे अप्रूप नसते. त्यांचे बोलणे घरावरच्या पत्र्याचे, लावणीचे आणि आखातातून न आलेल्या फोनचे असते. माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, महाड या पट्ट्यातल्या मुस्लिम घरांत कुवेत, दोहा, दम्माम ही नावे शेजारच्या गावांसारखी घेतली जातात.

ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही या एसटीत बसलो, ते मात्र धबधब्यासाठी नव्हे. आम्ही दोघे पती-पत्नी, आमच्या आपा आणि त्यांचा मुलगा, असे चौघे होतो. भाचा बावीस वर्षांचा. बारावीनंतर त्याने हॉटेलच्या स्वयंपाकाचा अभ्यासक्रम पुरा केला आहे, आणि हाताला चव आहे. भावोजी हयात नाहीत. आपा शिवणकामावर घर चालवतात. महिन्यापूर्वी एका दलालाने भाच्याला सांगितले, "कुवेतला अमेरिकी फौजेच्या छावणीत काम आहे. खाणे-राहणे फुकट, पगार डॉलरच्या हिशेबाने. दीड लाख भरा, पंधरा दिवसांत व्हिसा." आपांनी बांगड्या काढून ठेवल्या होत्या. विचारायला म्हणून त्या आमच्याकडे आल्या. पण शाळेत शिकवणाऱ्या माणसाला छावणीचे काय कळणार? ज्याने ते दिवस काढले, त्यालाच विचारावे, असे आम्ही ठरवले. आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे सासरे मुळशीत रस्त्याकडेला खानावळ चालवतात. ते मूळचे माणगावकडचे. त्यांनी कुवेत आणि इराक मिळून नऊ वर्षे फौजी तळावरच्या मेसमध्ये काढली आहेत. इथे आम्ही त्यांना चाचा म्हणू.

पिरंगुटपर्यंत कारखान्यांच्या शेड आणि इमारतींच्या जाहिराती सोबत करतात. पौड हे तालुक्याचे गाव. तिथे कचेरी, बाजार आणि चहाच्या टपऱ्या. पौडच्या पुढे भातखाचरे सुरू होतात आणि थोड्या वेळाने डाव्या-उजव्या हाताला पाणी चमकू लागते. ते मुळशी धरणाचे पाणी. बघायला फार सुंदर आहे. पण त्याच्या तळाशी गावे आहेत, हे आम्ही मुलांना नेहमी सांगतो. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने वीज निर्मितीसाठी धरण बांधायला घेतले, तेव्हा पन्नासहून अधिक गावांच्या जमिनींवर पाणी येणार होते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव याच लढ्याने दिले. लढा काही वर्षे चालला, पण धरण झालेच. इथले पाणी घाटाखाली रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला वीजघरात पडते आणि वीज मुंबईला जाते.

जमीन पाण्याखाली गेली तेव्हा माणसांनी मुंबईची वाट धरली. काही आधीपासूनच जात होती. मुंबईचे डबेवाले बहुतेक मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागातले. दुसऱ्याच्या जेवणाची वेळ सांभाळायची आणि आपले घर महिनोन्महिने दूर ठेवायचे, हे या डोंगरांना ठाऊक आहे. तेव्हा घाटाखालचा एक स्वयंपाकी परदेशातून परत येऊन मुळशीत खानावळ काढून बसला, यात इथे कोणाला नवल वाटले नाही.

खानावळ साधी आहे. पत्र्याचे छप्पर, सहा टेबले, मागे चुलीवर तांदळाची भाकरी. पाऊस कोसळत होता. चाचांनी आधी आमची डोकी पुसायला टॉवेल दिला, मग गरम कुळथाचे कढण. त्यांच्या डाव्या बाजूला बसू नका, असे सुनेने हळूच सांगितले. त्या कानाने त्यांना ऐकू येत नाही. जोहरची नमाज आतल्या खोलीत झाली, आणि गिऱ्हाईक ओसरल्यावर चाचा आमच्यापाशी येऊन बसले.

भाच्याने पहिलाच प्रश्न विचारला, "चाचा, तिथे दिवस कसा असतो?"

चाचांनी जे सांगितले, ते आमच्या शब्दांत असे.

पहाटे तीनला उठायचे. कंपनीने कुवेतच्या महबुल्ला भागात एक इमारत घेतली होती. एका खोलीत आठ जण, खाली-वर पलंग. साडेतीनला बस. तळाच्या फाटकावर सगळ्यांना उतरवायचे. रांग, झडती, बोटांचे ठसे, गळ्यातला बॅज तपासणे. बसमधून कुत्रे फिरवायचे, बसखाली आरसे घालून बघायचे. कॅमेऱ्याचा मोबाइल आत नेता येत नसे. कधी अर्धा तास, कधी दोन तास. त्या तासांचा पगार नाही. उन्हाळ्यात पहाटेसुद्धा अंगाची लाही होई, आणि हिवाळ्यात वाळवंटातला वारा हाडात शिरे.

आत मेस म्हणजे मोठेच प्रकरण. सकाळचा नाश्ता, दुपारचे, रात्रीचे आणि रात्रपाळीच्या सैनिकांसाठी मध्यरात्रीचे, अशी चार जेवणे. एका वेळेला हजारांहून जास्त माणसे. चाचा आधी भांडी घासायला होते, मग भाज्या चिरायला, मग वाढायच्या रांगेत. डोक्याला जाळी, हातात मोजे. प्रत्येक पदार्थात थर्मामीटर घालून बघायचे आणि वहीत लिहायचे. गरम पदार्थ ठरलेल्या मापाच्या खाली गार झाला, की भरलेला ट्रे फेकायचा. उरलेले अन्न कोणी घरी नेऊ शकत नसे. "गावाकडे आईने शिळी भाकरी कधी टाकली नाही," चाचा म्हणाले, "आणि मी रोज पन्नास माणसांचे अन्न काळ्या पिशवीत भरत होतो. पहिला महिना मला रात्री झोप लागली नाही."

दारात एक माणूस हातात मोजणीचे बटण घेऊन उभा असे. सैनिक आत आला की एक टिचकी. ठेकेदाराचे बिल त्या मोजणीवर. शेजारी धोबीखान्यातही तसेच. प्रत्येक सैनिकाच्या पिशवीला नंबर, आतला प्रत्येक मोजा, प्रत्येक बनियन मोजून कागदावर सही. "ताटे मोजत, कपडे मोजत," चाचा म्हणाले. "आम्हाला मोजत ते संध्याकाळी फाटकावर. आत कोणी राहिला तर नाही ना, एवढ्यासाठी."

अशा कामगारांना तिथे एक नाव होते, टीसीएन. म्हणजे तिसऱ्या देशाचा माणूस. अमेरिकेचा नाही आणि ज्या देशात तळ आहे त्या देशाचाही नाही. भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, फिलिपाइन्स इथली माणसे या तीन अक्षरांत बसत. इराकमध्ये त्यांचे जेवण वेगळे, राहण्याचे कंटेनर वेगळे. किती माणसे असतील ही? अमेरिकी संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयाने २००८ मध्ये जो अहवाल दिला, त्यानुसार इराक आणि आसपासच्या देशांत अमेरिकेच्या ठेक्यांवर किमान १,९०,००० माणसे कामाला होती, म्हणजे जवळपास जेवढे सैनिक तेवढेच ठेक्यावरचे कामगार. वर्तमानपत्रांत फौजेची संख्या यायची. भात शिजवणाऱ्यांची क्वचितच.

आमच्या पत्नीने विचारले, "आणि नमाज-रोजा?"

चाचा थोडे थांबले. मेसमध्ये डुकराचे मांस रोज शिजे. पहिल्या दिवशी त्यांना त्याच काउंटरवर उभे केले. त्यांनी मुकादमाला हात जोडून सांगितले, भांडी दुप्पट घासतो, पण तिथे नको. मुकादम श्रीलंकेचा, भला माणूस होता. त्याने त्यांना फळे आणि सॅलडच्या काउंटरवर टाकले. सगळ्यांना असा मुकादम मिळत नाही. त्यांच्याच खोलीतला एक मुलगा वर्षभर ते ट्रे उचलत राहिला आणि रोज रात्री हात रगडून धूत राहिला. जुम्मा बहुतेक वेळा चुके, कारण पाळीतून सुट्टी नसे. रमजानमध्ये उपाशीपोटी दुपारचे जेवण वाढायचे, आणि मगरीबच्या वेळी गोदामाच्या मागे उभ्याउभ्या खजूर आणि पाणी. तरी तिथली इफ्तारी आठवते, असे ते म्हणाले. केरळचा, बंगालचा, पेशावरचा, कोकणचा, असे दहा-बारा जण एका पुठ्ठ्याभोवती. ईदच्या दिवशी सकाळी नमाज झाली की पुन्हा मोजे चढवायचे.

मग त्यांनी आपण होऊनच तो विषय काढला, जो आमच्या मनात होता पण विचारवत नव्हता. २००५ मध्ये कंपनीने त्यांना कुवेतहून इराकमधल्या एका तळावर पाठवले. तिथे मैला उपसणारी टँकरगाडी घेऊन एक म्हातारा इराकी येत असे. एकदा त्याने चाचांच्या गळ्यातल्या बॅजवरचे नाव वाचले, सलाम केला आणि मोडक्या इंग्रजीत विचारले, "तू मुसलमान. इथे का आलास?" चाचांनी बोटांनी दाखवले, तीन मुली. म्हाताऱ्याने आपली बोटे दाखवली, पाच. मग दोघेही आपापल्या कामाला लागले. "मी कोणावर गोळी चालवली नाही," चाचा म्हणाले. "मी फक्त वाढले. पण ज्या शहरावरून रात्री विमाने जात, त्या शहरातल्या माणसाला मी हे कसे पटवणार? हा सवाल मी अल्लाहपुढे ठेवला आहे. माणसांपुढे माझ्याकडे उत्तर नाही."

त्या खोलीत कोणी काही बोलले नाही. आम्हीही त्यावर निवाडा करणार नाही. तीन मुलींची शिक्षणे आणि लग्ने, धाकट्या भावाची डी.एड., गावातले पक्के घर, हे सगळे त्याच पैशातून झाले, हे आमच्या डोळ्यांसमोर होते. आणि त्याची किंमत त्यांच्या चेहऱ्यावर होती.

किंमत कशी, तेही सांगायला हवे. करारात महिना १२० दिनार सांगितले होते. हातात ७५ आले. दलालाचे कर्ज फिटायला चौदा महिने लागले. पासपोर्ट कंपनीने पहिल्याच दिवशी काढून घेतला. २००६ मध्ये आई वारली, तेव्हा पासपोर्ट मागितला. उत्तर मिळाले की करार मोडला तर परतीचे तिकीट आणि दंड भरावा लागेल. चाचा गेले नाहीत. गावात जनाजा उठला त्या वेळी ते दुपारच्या जेवणाची टरबुजे चिरत होते.

कानाची गोष्ट त्याच वर्षीची. तळावर अधूनमधून तोफगोळे आणि रॉकेट पडत. भोंगा वाजला की सिमेंटच्या बंकरकडे धावायचे. सैनिकांकडे शिरस्त्राण आणि जाड जाकीट असे. मेसच्या पोरांकडे ॲप्रन. एके संध्याकाळी भोंग्याच्या आधी स्फोट झाला. चाचा जमिनीवर पडले, डाव्या कानातून रक्त आले. दवाखान्यात पट्टी झाली, दोन दिवस आराम, तिसऱ्या दिवशी पुन्हा काउंटर. ना कागद, ना भरपाई. "मला वाटले, जीव वाचला हीच भरपाई," ते म्हणाले.

हे ऐकून आपांनी मुलाचा हात धरला. भाचा मात्र म्हणाला, "चाचा, ते तेव्हाचे. आता इराकची लढाई नाही. मी कुवेतलाच राहणार." त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. कुवेत शहराच्या दक्षिणेला वाळवंटात अरिफजान हा मोठा तळ आहे. कतारमध्ये अल उदैद आहे, बहारीनमध्ये आरमाराचा तळ आहे. तिथे हजारो भारतीय स्वयंपाक, सफाई, दुरुस्ती, गोदाम अशी कामे शांतपणे करतात आणि घरी पैसे पाठवतात. पण तळ हा शेवटी तळच असतो. २३ जून २०२५ च्या रात्री इराणने अल उदैदवर क्षेपणास्त्रे सोडली. जीवितहानी झाली नाही, अल्लाहची मेहेरबानी. पण त्या रात्री कोकणातल्या किती घरांत आया मोबाइल हातात धरून बसल्या होत्या, ते खानावळीत जेवायला येणाऱ्यांकडून चाचांनी ऐकले आहे.

खरे तर फौजेच्या मागे पोटासाठी जाणे आपल्याला नवे नाही. पुण्याच्या लष्कर भागात राहणाऱ्या आमच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांनी पुण्यात छावणी वसवली. मग फौजेला पाव हवा होता, मांस हवे होते, कपडे शिवायला शिंपी, घोड्यांना मोतद्दार, साहेबाला खानसामा हवा होता. ही कामे करणारी माणसे दूरदूरहून आली. त्यांत मुसलमान पुष्कळ होते, आणि त्यांच्या मागे बाजार, मशिदी, मोहल्ले उभे राहिले. तेव्हा परकी छावणी आपल्या दारात आली होती. पुढे इंग्रजांची छावणी समुद्रापार गेली, तशी माणसेही गेली. एडन १८३९ मध्ये इंग्रजांच्या हाती आले आणि जवळजवळ शंभर वर्षे त्याचा कारभार मुंबईहून चालला.

पहिल्या महायुद्धात याच इराकमध्ये, कुत-अल-अमारा इथे, जी फौज पाच महिने वेढ्यात अडकली, तिचे नावच सहावी पुणे डिव्हिजन होते. २९ एप्रिल १९१६ रोजी ती शरण गेली. कैद झालेल्या सुमारे १३,००० माणसांत सैनिकांबरोबर हजारो भिस्ती, खेचरवाले, स्वयंपाकी आणि सफाई कामगारही होते. उपासमार आणि वाळवंटातली पायपीट त्यांच्याही वाट्याला आली. सेनापतींची नावे इतिहासाच्या पुस्तकात आहेत. आम्ही वर्गात तीच शिकवतो. पाणी वाहणाऱ्या भिस्त्याचे नाव आमच्या पुस्तकात नाही.

मोजणीतून सुटलेल्या माणसाचे काय होते, याचे अलीकडचे उदाहरण फार दुःखाचे आहे. ऑगस्ट २००४ मध्ये नेपाळचे बारा तरुण इराकमध्ये मारले गेले. त्यांतल्या अनेकांना जॉर्डनमध्ये, अम्मानच्या हॉटेलात काम आहे, असे सांगून नेले होते. प्रत्यक्षात त्यांना अमेरिकी तळाकडे पाठवले जात होते, आणि वाटेतच अपहरण झाले. त्याच सुमारास कुवेतच्या एका वाहतूक कंपनीचे तीन भारतीय ट्रकचालकही ओलीस होते. ते १ सप्टेंबरला सुटले. त्या वर्षी भारत सरकारने इराकला कामासाठी जाण्यावर बंदी घातली. तरीही माणसे कुवेतमार्गे जात राहिली. चाचा त्यांतलेच एक.

आता बदललेल्या गोष्टीही सांगू. घरून निघताना आम्ही दोन संध्याकाळी बसून नियमांची टिपणे काढली होती. चाचांचे बोलून झाल्यावर ती आम्ही टेबलावर ठेवली. ती वाचकांच्याही उपयोगाची आहेत.

पहिली गोष्ट दलालाची. आपल्या १९८३ च्या स्थलांतर कायद्याप्रमाणे परदेशी कामाला माणसे पाठवण्याचा अधिकार फक्त सरकारकडे नोंदणी असलेल्या भरती एजंटलाच आहे. त्याचा परवाना क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो. तो कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढेच घेऊ शकतो, आणि पावती द्यावी लागते. दीड लाख हा आकडा कुठल्याच नियमात बसत नाही.

दुसरी गोष्ट शिक्क्याची. जो दहावी पास नाही, त्याच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा येतो. असा माणूस आखातात कामाला निघाला, तर स्थलांतर संरक्षक कार्यालय त्याचा करार तपासते आणि दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा घ्यावा लागतो. आमचा भाचा बारावी पास. त्याला या परवानगीची गरज नाही. ऐकायला हे बरे वाटते. पण याचा अर्थ असाही होतो की त्याचा करार कोणी सरकारी माणूस वाचणार नाही. तो त्यानेच वाचायला हवा. स्वतःहून ई-मायग्रेटवर नोंदणी करण्याची सोय अशा मुलांसाठी आहे, ती जरूर घ्यावी.

तिसरी गोष्ट तळाची. अमेरिकेने २०१२ मध्ये आदेश काढला आणि २०१५ पासून त्याचे नियम लागू केले. त्यांनुसार अमेरिकी सरकारच्या ठेकेदाराने किंवा त्याच्या पोटठेकेदाराने कामगाराकडून भरतीचे पैसे घेणे, पासपोर्ट अडकवणे, पगार किंवा कामाच्या जागेबद्दल खोटे सांगणे याला मनाई आहे. करार लेखी असेल, तर तो कामगाराला समजणाऱ्या भाषेत आणि घर सोडण्याआधी द्यायचा. म्हणजे जो दलाल तळावरच्या कामासाठी दीड लाख मागतो, तो त्या तळाच्याच नियमाविरुद्ध वागतो.

चौथी गोष्ट सांगताना आमचा आवाज जड झाला. अमेरिकेत १९४१ पासून 'डिफेन्स बेस ॲक्ट' नावाचा कायदा आहे. परदेशातल्या अमेरिकी तळांवर ठेक्याने काम करणाऱ्या प्रत्येकाचा, मग तो कुठल्याही देशाचा असो, विमा काढणे मालकाला बंधनकारक आहे. दुखापत झाली तर उपचार आणि भरपाई, मृत्यू झाला तर विधवेला आणि मुलांना पैसे. दुखापत ३० दिवसांत कळवायची आणि दावा साधारण एका वर्षात लावायचा.

चाचांनी उजवा कान पुढे केला. "पुन्हा सांगा गुरुजी," म्हणाले. आम्ही पुन्हा सांगितले. त्यांनी हळूच डाव्या कानावर हात ठेवला. "म्हणजे या कानाचा विमा होता?"

असणारच, असे आम्ही म्हणालो. ते हसले, पण ते हसू बघवत नव्हते. "वीस वर्षे झाली," म्हणाले. "मला कोणी सांगितले नाही. मीही कोणाला विचारले नाही." सून पाणी घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

मग चाचा भाच्याकडे वळले. "बेटा, जाऊ नको असे मी म्हणणार नाही. मी गेलो म्हणून माझी घरे उभी राहिली. पण मी आंधळा गेलो. तू डोळे उघडून जा. आधी कागद हातात घे. मालकाचे नाव काय, जागा कोणती, पगार किती, तास किती, विमा कोणाचा, पासपोर्ट कोणाकडे, एवढे सहा सवाल विचार. उत्तर लिहून दिले तर माणूस खरा. आणि तो कागद तुझ्या पेटीत नको, अम्मीच्या कपाटात ठेव. तिकडे काही झाले तर दावा तुला नाही, तिला लावायचा आहे."

आपांनी तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडले. "भाईजान, हे मला लिहून द्या," त्या म्हणाल्या. भाच्याने बिलाच्या कागदामागे सहा प्रश्न लिहिले. आम्ही जेवणाचे पैसे देऊ लागलो, ते चाचांनी घेतले नाहीत.

परतीच्या एसटीत भाचा गप्प होता. त्याचे मन आम्हाला कळत होते. बावीस वर्षांच्या मुलाला नियम म्हणजे अडथळाच वाटतो. घरी गेल्यावर त्याने ते सहा प्रश्न दलालाला मोबाइलवर पाठवले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, "कागद विमानतळावर मिळतील." आपांनी बांगड्या पुन्हा हातात घातल्या. भाचा दोन दिवस कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच ई-मायग्रेटच्या यादीतल्या नोंदणीकृत एजंटांचे पत्ते काढत बसला होता. तो जाईल की नाही, आम्हाला ठाऊक नाही. गेला तर हॉटेलात जाईल की तळावर, तेही त्याचे नशीब आणि त्याची मर्जी. पण आता त्याला काय विचारायचे ते कळते.

वाचक भगिनी-बंधूंनो, आपल्या घराघरांतून मुले बाहेर जातात. हलाल रोजीसाठी घर सोडणे ही इज्जतीची गोष्ट आहे, आणि मजुराचा हक्क बुडवणे हा मोठा गुनाह आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण हक्क काय आहे हेच ठाऊक नसेल, तर तो बुडाला हे तरी कसे कळणार? आपल्या मोहल्ल्यात कोणी आखातातल्या तळावर काम करून आले असेल, तर त्याला एकदा चहाला बोलवा. किती आणले, हे सगळेच विचारतात. दिवस कसा काढला, हे विचारा. आणि घरातल्या आईला, बहिणीला, बायकोला शेजारी बसवा. करार मुलाच्या नावाचा असतो, पण त्याची झळ त्यांना लागते.

ज्याचा मुलगा आज तिकडे पाळीवर उभा असेल, त्या प्रत्येक घरासाठी आमची दुआ आहे. तो सलामत परत येवो, आणि त्याच्या घामाचा हिशेब पुरा होवो. आमीन.